फँ द सिएक्ल पोस्टर संच: बारातली सहा पास, सोनं नापास

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना फक्त घेऊ की नको एवढंच बघायचंय त्यांचा वेळ जायला नको. फँ द सिएक्ल म्हणजे फ्रेंचमध्ये शतकाची अखेर, इथे एकोणिसाव्या शतकाची; त्या काळातली म्हणून विकलेली ए-थ्री साइजची बारा पोस्टरं, १,४९९ रुपये, बारातली सहा झकास, तीन बरी, एक मुळात भारी पण छापणाऱ्याने त्याची वाट लावली आणि दोन तर भलत्याच काळातली घुसडलेली. भिंत सजवायला घेणार असाल तर पैसे वसूल आहेत. त्या काळाची काही ओळख व्हावी म्हणून घेणार असाल तर सोबत जो माहितीचा कागद येतो त्यावर विसंबू नका, तो मी मुलांच्या हातात दिलाच नाही.

मी जळगावात ड्रॉइंगचे क्लास घेतो, एलिमेंटरी-इंटरमिजिएटची पोरं असतात, आणि संकल्पचित्राच्या पेपरला निम्मी पोरं तीच ती घोटीव वेलबुट्टी काढतात, गाइडमधून उचललेली. ही वळणदार रेघ येते कुठून, माणसाच्या केसांची वेल कशी होते, हे त्यांना मोठ्या साइजमध्ये दाखवायचं होतं म्हणून हा संच मागवला. विकणाऱ्याचं नाव देत नाही, देऊन उपयोगही नाही, कारण असले संच ऑनलाइन ढिगाने मिळतात आणि चित्रं सगळीकडे तीच. तुलूझ-लोत्रेक १९०१ ला गेला, मुशा १९३९ ला, मुंक १९४४ ला, आपल्याकडे कॉपीराइट चित्रकार गेल्यावर साठ वर्षं चालतो, त्यामुळे आता ज्याच्याकडे बरा प्रिंटर तो दुकान टाकतो. फरक पडतो तो छपाईत आणि निवडीत, म्हणून त्यावरच जास्त बोलणारे.

पॅकिंग पुठ्ठ्याच्या नळीत, एका टोकाला चेपलेली, त्यामुळे जेन आव्रिल या नर्तकीच्या (लोत्रेकने केलेल्या) पोस्टरचा कोपरा दुमडलेला निघाला. चॅटवर फोटो टाकला, आधी मशीन बोललं, मग माणूस बोलला, मग तेवढं एक पोस्टर दुसरं पाठवलं, याबद्दल काही तक्रार नाही. कुरिअरवाल्या पोराने नळीवरचं नाव ‘फिन दे सायकल’ असं वाचलं आणि ‘सर, पंप आहे का सायकलचा’ म्हणून विचारलं.

आता थोडं त्या काळाबद्दल, कारण त्याशिवाय पुढची कुरकुर कळणार नाही. एकोणिसावं शतक संपत आलं तेव्हा, म्हणजे साधारण १८८० नंतर आणि १८९० च्या दशकात तर फारच, पॅरिस, व्हिएन्ना, लंडन या शहरांमध्ये एक विचित्र हवा पसरली होती, सगळं बघून झालं, सगळं भोगून झालं, आता पुढे काय, असा थकलेला, नखरेल आणि आतून घाबरलेला मूड. वरून बघाल तर नुसती चंगळ, १८८९ ला आयफेल टॉवर उभा राहिला, १८९५ च्या एकाच वर्षात क्ष-किरणही सापडले आणि सिनेमाही सुरू झाला, १९०० ला पॅरिसला मेट्रो धावली आणि त्याच वर्षीच्या प्रदर्शनाला पाच कोटीच्या आसपास माणसं आली. आतून बघाल तर अराजकवाद्यांचे बॉम्ब, १८९४ ला फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षालाच भोसकून मारलेलं, त्याच वर्षी ड्रेफस नावाच्या ज्यू अधिकाऱ्याला खोट्या आरोपात अडकवलेलं आणि त्यावरून पुढची कित्येक वर्षं अख्खा देश उभा फाटलेला. मॅक्स नॉर्डाऊ नावाच्या एका डॉक्टरने तर १८९२ ला जाडजूड पुस्तक लिहून जाहीर केलं की हे सगळे नवे कलावंत आणि लेखक म्हणजे ऱ्हासाचे पेशंट आहेत. पुस्तक तुफान खपलं. लोकांना घाबरायला पण आवडत होतं असं दिसतंय.

आपणही एक शतक संपताना बघितलंय की, ज्यांची आता चाळिशी-पन्नाशी आहे त्यांनी. नॉस्त्रादेमसच्या भविष्यवाण्या रविवारच्या पुरवणीत, १ जानेवारी २००० ला सगळे कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून बँकेत लोकांचे पासबुक भरून घ्यायला रांगा, आणि त्याच वेळेला गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या. भीती आणि धंदा एकाच वेळी जोरात. १८९० चं पॅरिस समजायला एवढं पुरे आहे.

आणि पोस्टर हा त्या धंद्याचाच भाग, हे या संचाच्या कागदावर कुठेही लिहिलेलं नाही, त्यांनी सगळ्याला सरसकट ‘चित्रं’ म्हटलंय. फ्रान्समध्ये २९ जुलै १८८१ चा कायदा आला, छापायला आणि भिंतीवर चिकटवायला मोकळीक मिळाली, (अजूनही तिथल्या जुन्या भिंतींवर ‘इथे पोस्टर लावू नये, १८८१ चा कायदा’ असं रंगवलेलं असतं म्हणे तेवढी मोकळीक) आणि दगडावरची रंगीत छपाई तोवर स्वस्त झाली होती. दगडावर चरबीच्या खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, पाणी चरबीवर बसत नाही आणि तेलकट शाई पाण्यावर बसत नाही, एवढ्यावर सगळा खेळ. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. झ्यूल शेरे या माणसाने हे तंत्र असं घोटवलं की रस्त्यांचीच गॅलरी झाली, लोक रात्री भिंतीवरची पोस्टरं ओली असतानाच सोलून घरी न्यायचे, मग १८९५ ते १९०० मध्ये शेरेने गाजलेल्या पोस्टरांच्या छोट्या साइजच्या प्रती दर महिन्याला चार अशा वर्गणीदारांना पाठवायची योजना काढली, एकूण २५६ निघाल्या. म्हणजे मी जो संच मागवला तोच धंदा, तेव्हाचा. फक्त शेरेचा माल अस्सल दगडावरचा होता.

माझ्याकडचा नाही, हे उघड आहे, १,४९९ ला कोण दगडावर छापून देणार. पण लोत्रेकच्या मुलाँ रूजचं, म्हणजे पॅरिसच्या त्या नाचघराच्या पोस्टरचं, जे केलंय ते बघून वाईट वाटलं. १८९१ चं पोस्टर आहे, लोत्रेकचं पहिलंच, मूळ जवळजवळ माणसाच्या उंचीचं, मध्ये ला गुल्यू ही नर्तकी पाय उडवतेय, पुढे राखाडी-जांभळ्या सावलीसारखा एक लांबनाक्या माणूस, मागे काळ्या आकृत्यांची गर्दी. या पोस्टरातली सगळ्यात हुशार जागा म्हणजे तिचा पेटीकोट, तिथे लोत्रेकने रंग लावलेलाच नाही, कोरा कागद सोडलाय आणि दोन-चार रेघा, आणि चारी बाजूंनी रंग असल्यामुळे तो कोरा कागद अक्षरशः दिव्यासारखा पेटतो. आमच्या विकणाऱ्याने काय केलं, तर पोस्टर ‘जुनं’ दिसावं म्हणून सगळ्यावर एक तपकिरी फिल्टर मारला, वर घड्यांच्या खोट्या रेघा आणि चहा सांडल्यासारखे डाग छापले. झालं, पेटीकोट मळका. जिथे नजर जायला हवी तिथेच अंधार. पोरांना मी कोरी जागा सोडायला शिकवतो आणि हे पोस्टर नेमकं उलटं शिकवतं, ते मी गुंडाळून कपाटावर टाकलंय.

शेजारी सराफीचं काम करणारे काका आहेत, त्यांच्याकडून डोळ्याला लावायचं भिंग आणलं आणि एकेक पोस्टर खिडकीपाशी नेऊन बघितलं. जेन आव्रिलच्या पोस्टरात खाली उजव्या बाजूला वाजवणाऱ्याचा हात आणि त्या भल्यामोठ्या वाद्याची मान आहे, तीच मान वळत वळत वर जाऊन अख्ख्या चित्राची चौकट बनते, १८९३ ला हे सुचणं म्हणजे कमाल आहे. मूळ लिथोत, म्हणजे दगडावरच्या छपाईत, अशा ठिकाणी खडूचा दाणेदारपणा दिसतो, लोत्रेक ब्रशने शाईचे शिंतोडे पण उडवायचा. भिंगातून माझ्या प्रतीत काय दिसलं तर निळे-गुलाबी-पिवळे बारीक ठिपके, म्हणजे साधा डिजिटल प्रिंट, पण स्कॅन इतका चांगला घेतलाय की शिंतोड्यांचा आकारसुद्धा ठिपक्यांमध्ये उतरलाय. काका म्हणाले, ‘माल खोटाय पण साचा खरा घेतलाय.’ यापेक्षा नेमका रिव्ह्यू मला लिहिता येणार नाही, पण पुढचं पण सांगायचंय.

मुशाची तीन आहेत आणि संचाची किंमत त्यातच निघते. ‘उन्हाळा’ हे १८९६ च्या चार ऋतूंतलं, केसात लाल फुलं माळलेली बाई पाण्याकडे कलून उभी, रंग मवाळ आणि रेघ कुठेही तुटत नाही, हे पोस्टर मी क्लासच्या समोरच्या भिंतीवर लावलं आणि पोरांना फक्त केस कॉपी करायला सांगितले, चेहरा नको, हात नको. वेलबुट्टी सुधारली. दुसरं सिगारेटच्या कागदाच्या जाहिरातीचं, त्यावर पुढे येतो. तिसरं जिस्मोंदा, सारा बर्नहार्ट या नटीच्या नाटकाचं, १ जानेवारी १८९५ ला पॅरिसच्या भिंतींवर लागलं आणि तोपर्यंत कोणी न ओळखणारा हा चेक चित्रकार एका रात्रीत स्टार झाला. मूळ पोस्टर दोन मीटरहून उंच आणि जेमतेम पाऊण मीटर रुंद, साडी वाळत घातल्यासारखं उभंच्या उभं. ते ए-थ्रीत बसवायचं तर दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडायला हवी, पण यांनी वरून-खालून कापून टाकलं, नटीचं नाव अर्धं गेलं आणि पायाकडचा भागही गेला. म्हणून ते ‘बरी’ मध्ये.

मुशाच्या बायकांमागे गोल चक्र असतं, प्रभावळीसारखं. धुळ्याची आत्या आली होती, तिने भिंतीकडे बघून हात जोडले आणि विचारलं, ‘हाई कोनती देवी शे रे भाऊ?’ मी म्हटलं देवी नाही आत्या, सिगारेटच्या कागदाची जाहिरात आहे. ‘मंग इना मांगे चक्र काबरं शे?’ तिचा प्रश्न बरोबर होता, मुशाने देवळा-चर्चमधली प्रभावळ उचलून बाजारात आणली होती आणि चेष्टा करणाऱ्यांना ते लगेच कळलं होतं. स्टाइनलेनचं १८९६ चं काळ्या मांजराचं पोस्टर बघा, जे आजकाल प्रत्येक कॅफेच्या संडासाच्या दारावर पण असतं, त्या मांजराच्या डोक्यामागे लाल रंगाची तश्शीच प्रभावळ आहे. पॅरिसच्या मोंमार्त्र भागातल्या शा न्वार (म्हणजे काळं मांजर) या नाचगाण्याच्या कॅबरेच्या दौऱ्याची जाहिरात ती. आत्याला दाखवलं. ती म्हणाली, मांजर बी देव व्हई गयं का मंग.

पण आत्याची नजर अशी तयार का झाली हे बघायला पाहिजे, आणि इथे मला या संचापेक्षा आपल्या घरातल्या भिंतीच जास्त सांगतात. मुशाचं जिस्मोंदा छापलं गेलं त्याच सुमाराला, १८९४ ला, रवि वर्म्याने मुंबईत छापखाना काढला, यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीचे, तंत्र तेच दगडावरचं, आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघर जायला लागल्या. पुण्यात चित्रशाळा त्याच्याही आधीपासून, १८७८ पासून होतीच. मँचेस्टरहून कापडाचे तागे यायचे त्यांवरसुद्धा रंगीत छापील देवादिकांची लेबलं चिकटवलेली असायची, लोक ती जपून ठेवायचे. म्हणजे पॅरिसमध्ये बाईला देवी बनवून बिस्किटं नि सिगारेटी विकत होते आणि इकडे देवीला दगडावरून छापून घरोघर पोचवत होते, दशक तेच, शाई तीच. माझ्या आजोळी पारोळ्याला ओसरीवर काळवंडलेली लक्ष्मी होती, कोपऱ्यात बारीक अक्षरात प्रेसचं नाव. ही ओळख जोडून दिली असती तर आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला हा संच लगेच आपला वाटला असता, पण माहितीचा कागद परदेशी मजकुराचं मशीनने केलेलं भाषांतर असावं असा आहे, त्यात ‘शाही प्रणयाचा सुवर्णकाळ’ वगैरे छापलंय.

आता पालकांचं. क्लासमध्ये तिन्ही-चारही लावली त्या आठवड्यात एका मुलीचे वडील थांबले, खूप अदबीने म्हणाले, ‘सर, एक विचारू का, ही बाई बिडी ओढतेय ना?’ ओढतेय. १८९६ चं मुशाचं पोस्टर, सिगारेट गुंडाळायच्या कागदाची कंपनी, बाईचे डोळे अर्धे मिटलेले, केसांचे वेटोळे अख्ख्या कागदावर आणि धुराची एक रेघ त्या केसांत मिसळून जाते, रेघ कशी चालवावी याचा याहून चांगला नमुना नाही, पण ते म्हणत होते ते पण चूक नाही, आठवीतली पोरं आहेत. ते घरच्या खोलीत नेलं. ॲब्सिंथच्या दारूचं बेल्जियन पोस्टर तर मी उघडलंच नाही क्लासमध्ये, हिरव्या धुक्यात जवळजवळ उघडी बाई पेला असा वर धरून की आरती ओवाळतेय, छपाईला दहापैकी नऊ देईन, हिरव्या रंगाच्या एवढ्या छटा बारापैकी कुठल्याच पोस्टरात जमलेल्या नाहीत. ही दारू पुढे १९१५ ला फ्रान्समध्ये बंद केली, तोवर माणसं त्यावरच जगत आणि मरत होती. आणि बियर्ड्स्लीचं सालोमी, हातात कापलेलं मुंडकं धरून त्याच्याशी बोलणारी, ते फक्त काळं-पांढरं असल्यामुळे संचात सगळ्यात स्वच्छ छापलं गेलंय, भिंगाखालीसुद्धा रेघेची कड तुटत नाही. बियर्ड्स्ली १८९८ ला क्षयाने गेला, वय २५. लोत्रेक गेला तेव्हा ३६ चा होता. ज्या नाटकासाठी बियर्ड्स्लीने ते चित्र काढलं त्याचा लेखक ऑस्कर वाइल्ड तुरुंग भोगून १९०० च्या नोव्हेंबरात पॅरिसच्या एका साध्या हॉटेलात गेला, ४६ चा. ‘शाही प्रणय’ वाल्यांनी हे जरा बघायला हवं होतं.

सोन्याकडे येऊ. क्लिम्टची दोन आहेत. एक १८९८ चं, व्हिएन्नातल्या बंडखोर चित्रकारांच्या पहिल्या प्रदर्शनाचं, वर ग्रीक पुराणातला वीर थिसियस राक्षसाला मारतोय, मधली मोठी जागा सरळ कोरी सोडलेली आणि उजव्या कडेला ढाल घेतलेली अथीना देवी. पहिल्या आवृत्तीत थिसियस नागडा होता, सेन्सॉरने आक्षेप घेतला, मग क्लिम्टने मध्ये झाडांची खोडं काढून दिली. संचात खोडंवालं आहे, छपाई ठीक, अक्षरं थोडी पुसट. दुसरं म्हणजे त्याचं ते चुंबनाचं चित्र जे उशीच्या अभ्र्यावर पण मिळतं. आता हे १९०७-०८ चं, शतक संपून सात-आठ वर्षं झाली होती, पोस्टर तर नाहीच, आणि मूळ चित्र चौकोनी असताना ए-थ्रीसाठी दोन्ही बाजू कापल्या. पण खरी तक्रार सोन्याची. क्लिम्टचा बाप सोन्यावर नक्षी खोदणारा कारागीर, पोराने कॅनव्हासवर खरा वर्ख लावला, त्यामुळे मूळ चित्रात उजेड हलला की सोनं हलतं. इथे सोन्याच्या जागी मोहरीचा पिवळा. दुसरीकडे खपेल कदाचित, जळगावात सोन्याला हा पिवळा देऊन कोणाला फसवता? सराफ काकांनी भिंग लावायची पण तसदी घेतली नाही.

आणि जहाज! बारावं पोस्टर नॉर्मांदी नावाच्या प्रचंड जहाजाचं, समोरून अंगावर येणारं, कासांद्रचं, १९३५ चं. पोस्टर म्हणून अप्रतिम आहे, त्यात वाद नाही, पण १९३५! पहिलं महायुद्ध होऊन गेलं, दुसरं दारात उभं, आणि तुम्ही त्याला शतक संपतानाच्या मूडमध्ये बसवता. वर कासांद्र गेला १९६८ ला, त्याला साठ वर्षंसुद्धा झालेली नाहीत, म्हणजे ते छापायची परवानगी घेतली का हाही प्रश्न आहे. विचारलं तर उत्तर आलं, ‘व्हिंटेज थीम आहे सर’. त्यांच्या लेखी जुनं म्हणजे जुनं.

त्या दोन जागांवर काय असायला हवं होतं हे माझ्या डोक्यात पक्कं आहे. एक ओदिलों रदों, कोळशातली काळीकुट्ट स्वप्नं काढणारा, तरंगणारे डोळे, हसणारे कोळीकिडे. आणि दुसरी केटे कोल्विट्झ. तिने १८९३ ते ९७ मध्ये जर्मनीतल्या विणकरांच्या उठावावर सहा प्रिंट केले, उपाशी घर, मेलेलं पोर, गिरणीमालकाच्या दाराशी गेलेला मोर्चा. बर्लिनच्या प्रदर्शनात परीक्षकांनी पदक सुचवलं तर कैसरने, म्हणजे जर्मन बादशहाने, नाकारलं. आमच्या जळगाव-धुळे-अमळनेर या गिरण्यांच्या गावांमध्ये, जिथे बंद गिरणीच्या भोंग्याची वेळ सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत, तिथे हे चित्र कुठल्याही नर्तकीपेक्षा लवकर पोचलं असतं. पण ते भिंतीवर लावायला ‘छान’ दिसत नाही. भीती म्हणून यांनी एकच ठेवलंय, मुंकची किंकाळी, १८९३ चं, आणि ते पण इतक्या मगांवर आणि मोबाइल कव्हरवर येऊन गेलंय की एक पोरगं बघून म्हणालं, ‘सर, हा तर इमोजी आहे.’

हा माझा मुख्य आक्षेप आहे संचावर, छपाई-बिपाई नंतर. हा काळ अर्धा चकचकीत आणि अर्धा हादरलेला होता, चकचकीत अर्धा विकायला सोपा म्हणून तेवढाच भरून पाठवला. आणि इथे बसून तर ते जास्तच खटकतं. जुलै १८९६ मध्ये मुंबईच्या वॉटसन हॉटेलात सिनेमाचा पहिला खेळ झाला आणि सप्टेंबरात त्याच मुंबईत प्लेग निघाला, दोन महिन्यांचं अंतर. मग पुणे, रँडचा खून, माणसं गावं सोडून माळावर झोपड्यांत राहायला गेलेली. १८९६-९७ चा दुष्काळ, त्यातून उठतात तोच १८९९-१९०० चा, गुजरात-राजस्थानात ज्याला छप्पनियो म्हणतात कारण विक्रम संवत १९५६ होतं, आणि खान्देशही त्यात होरपळला. पॅरिसच्या प्रदर्शनात सरकते रस्ते चालत होते त्या उन्हाळ्यात इकडे गुरं चाऱ्यावाचून मरत होती. आपल्या पंचांगात तेव्हा शके १८२१-२२ चालू, शतक संपायचा काही संबंधच नाही, इथे कोणी शतकाच्या शेवटाची चिंता करत नव्हतं, पाऊस कधी पडेल याची करत होतं. तरी भिंतीवर नवी कोरी छापील लक्ष्मी येतच होती. याचं काय करायचं ते मला अजून नीट मांडता येत नाही, पोरांना मी फक्त दोन्ही गोष्टी एका तासाला सांगतो.

थकून दार लावून घेण्याचा जो नाद त्या काळाच्या कादंबऱ्यांमध्ये दिसतो, म्हणजे १८८४ च्या ह्विस्मान्सच्या कादंबरीतला तो उमराव ज्याने जगाला कंटाळून स्वतःला घरात कोंडून घेतलं आणि कासवाच्या पाठीवर रत्नं जडवली, ते सांगताना मला नेहमी चाळीसगावचे केकी मूस आठवतात. ते पुढच्या शतकातले, पण स्टेशनाजवळच्या बंगल्यात वर्षानुवर्षं स्वतःहून बंद होऊन राहिले. फरक एवढा की उमराव नुसता चोचले करत बसला आणि मूस आतमध्ये फोटो, चित्रं, शिल्पं करत राहिले. ज्याला हा संच घेऊन समाधान होणार नाही त्याने एक रविवार काढून चाळीसगावला ते घर बघून यावं, खर्च पोस्टरांपेक्षा कमी.

आणखी एक जवळची गोष्ट. ज्या वर्षी मुशाचे ऋतू आणि ते काळं मांजर छापलं जात होतं, त्याच १८९६-९७ मध्ये जॉन ग्रिफिथ्सचे अजिंठ्याच्या चित्रांवरचे दोन जंगी खंड लंडनला निघाले. जे. जे. च्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं लेण्यांत बसून केलेल्या नकला, त्यातल्या बऱ्याचशा १८८५ ला लंडनच्या आगीत जळाल्या, उरलेल्यांवरून खंड झाले. त्याच्याआधी रॉबर्ट गिलने केलेल्या नकलाही १८६६ च्या आगीत गेल्या होत्या, तो गिल आपल्या भुसावळच्या कबरस्तानात आहे. मी आता मुशाच्या ‘उन्हाळ्या’शेजारी अजिंठ्याच्या पद्मपाणीची एक साधी प्रिंट लावलीय, बाजारात मिळते ती. मान कलती ठेवायची, रेघ खांद्यावरून हातापर्यंत न उचलता न्यायची, दोघांकडे एकच गोष्ट शिकायला मिळते आणि पद्मपाणी निदान चौदाशे वर्षं मोठा आहे. एका पोरीने विचारलं यांनी यांचं बघून काढलं का. मी म्हटलं दोन्ही काढ, मग सांग.

फ्रेमबद्दल, कारण खूप जण विचारतात. ऑनलाइनवाल्यांच्या फ्रेमा घेऊ नका, फायबरची पातळ पट्टी असते, समोर काचेऐवजी प्लॅस्टिकची शीट, त्यावर आपल्या धुळीचे ओरखडे लगेच येतात. जुन्या गावात देवांचे फोटो मढवणारा माणूस आहे, त्याच्याकडे सहा करून घेतल्या, सागवानी रंगाची अर्ध्या इंचाची पट्टी, पांढरा माउंट, साधी काच, मागे हार्डबोर्ड, ५५० रुपयाला एक पडली. त्याने पण आधी ‘ही कोणती देवी’ विचारलंच, आणि बियर्ड्स्लीचं बघून ‘हे कालीमातेचं आहे का’ विचारलं. माउंट सांगून घ्या, नाहीतर कागद काचेला चिकटतो. कूलरच्या समोरच्या भिंतीवर बिनफ्रेमचं काही लावू नका, एप्रिल-मेमध्ये ओल्या हवेने कागदाला लाटा येतात, माझ्या किंकाळीला आल्यात, तिला त्या शोभतात ही गोष्ट वेगळी. पश्चिमेच्या खिडकीचं ऊन पण टाळा, डिजिटल शाईतला गुलाबी आधी उडतो.

पाचपैकी साडेतीन. विकणाऱ्याने तो तपकिरी फिल्टर काढला, जिस्मोंदा उभं पूर्ण छापलं आणि कोल्विट्झचा एक तरी प्रिंट घातला तर अर्धा वाढवून देईन. चुंबनाचं पोस्टर भाचीने होस्टेलला नेलं, जहाज आमच्या मेडिकलवाल्याने मागून घेतलंय, त्याच्या दुकानात काउंटरच्या मागे लागलंय आणि खरं सांगायचं तर तिथे ते जाम शोभतंय.